रेल्वे, गलबतं आणि प्लास्टिकची विमानं: मुंबईच्या घरात मॉडेल बनवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडेल बनवणाऱ्या माणसाला हे प्रश्न कुठेही गाठतात: लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, डोंबिवली फास्टमध्ये लटकताना. काही प्रश्न खरे असतात, काही टोमणे. दोन्हींची उत्तरं देतो.

हे लहान मुलांचं खेळणं नाही का?

खेळणंच आहे. फक्त खेळण्याआधी ते स्वतः बनवावं लागतं. आणि असं विचारणारे गृहस्थच इंजिन चालू केल्यावर गुडघे टेकून रुळाच्या पातळीवर डोळे आणून बघतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पण यात मजा नेमकी कसली?

एक उदाहरण देतो. मिग-२१ चं १:७२ मधलं मॉडेल घ्या. भारतीय हवाई दलात १९६३ साली आलेलं हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, त्यामुळे सध्या अनेकांच्या टेबलावर ते आहे. जोडून, रंगवून झालं की डिकल्स लावायचे असतात, म्हणजे पाण्यावर सुटणारी चित्रं. केशरी, पांढरा, हिरवा असा गोल कागदासकट कापायचा, कोमट पाण्यात बुडवून बाहेर काढायचा आणि थांबायचं. घाई केली तर फाटतो. मिनिटाभराने बोटाने हलकेच ढकललं की कागदावरून सरकतो. मग ओल्या ब्रशने पंखावर नेऊन बसवायचा आणि वरून डिकल मऊ करणारं द्रावण लावायचं. आता त्यावर सुरकुत्या पडतात. अगदी वाया गेला असं वाटतं. हात लावायचा नाही. वाळताना तो पापुद्रा ताणला जातो, पत्र्याच्या सांध्यांच्या रेघांत उतरतो, आणि चिकटवलेलं चित्र रंगवल्यासारखं दिसू लागतं.

हे सगळं होईपर्यंत ऑफिसचा ग्रुप वाजून गेलेला असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. मजा म्हणाल तर ही. रोज अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ.

आमचं वन-रूम-किचन आहे. त्यात रेल्वे कशी बसणार?

बसते, पण आधी हिशेब करा. लोकलचा एक डबा साधारण २१ मीटर लांब. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात तो २४ सेंटिमीटरचा होतो. बारा डब्यांची गाडी झाली २.९ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ फूट. गाडीच खोलीएवढी! एन म्हणजे १:१६० मध्ये तीच गाडी दीड मीटरच्या थोडी वर जाते. म्हणून मुंबईत बरेच जण एनकडे वळतात. रूळ ९ मिलिमीटरचा, वळणं पाऊण फुटाच्या त्रिज्येची चालतात आणि चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर गाडी गोल फिरते. ही फळी सेटीखाली सरकवता येते किंवा कपाटामागे उभी ठेवता येते.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. गाडी गोल फिरवायचीच नाही, शंटिंग करायचं, म्हणजे डबे मागेपुढे ढकलून हव्या त्या क्रमाने लावायचे. इंग्लंडमध्ये ‘इंगलनूक’ नावाचा एक छोटा आराखडा फार प्रिय आहे. दोन सांधे (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते), तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). एकात पाच वाघिणी (मालगाडीचे डबे) मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. पुढच्या तुकड्यावर इंजिन आणि तीनच वाघिणी उभ्या राहतात. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने त्यांची गाडी लावायची. शक्य क्रम किती? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०. आखूड चारचाकी वाघिणी घेतल्या तर एचओमध्येसुद्धा हे सगळं साधारण दीड मीटर लांब आणि फूटभर रुंद फळीवर होतं. टीव्हीच्या युनिटवर मावेल एवढं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस तासभर डबे मागेपुढे ढकलतोय. वाडीबंदरच्या यार्डातसुद्धा वेगळं काय चालायचं?

तिसरी सूचना ट्रामची. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. ट्राम आखूड असते, अगदी घट्ट वळण घेते, आणि देखावा म्हणून दोन बाजूंना चाळी उभ्या केल्या की काम भागतं. बेस्टच्या आणिक बस डेपोतलं संग्रहालय एकदा बघून या.

स्केल आणि गेज यांत फरक काय? दुकानदार दोन्ही एकच समजतो.

स्केल म्हणजे मूळ वस्तू किती पट लहान केली ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. गोंधळ होतो तो आपल्या ब्रॉडगेजमुळे. जगातला स्टँडर्ड गेज १,४३५ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतात, आणि एचओचा रूळ तेवढाच असतो. आपला गेज १,६७६. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ साली पहिली गाडी गेली तीही याच गेजवर. त्याला ८७ ने भागा: १९.३ येतात. म्हणजे तयार रुळावर भारतीय गाडी उभी केली की दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर जवळपास तीन मिलिमीटरने कमी पडतं. बाजूने बघताना कळत नाही. समोरून बघितलं की डबा रुंद आणि पाय जवळ, असं ध्यान दिसतं. बहुतेक जण याकडे कानाडोळा करतात. काही हट्टी मंडळी रूळ स्वतः घालतात, एकेक स्लीपर कापून. त्यांना माझा नमस्कार. मी कानाडोळा करणाऱ्यांतला.

माथेरानच्या गाडीचा गेज ६१० मिलिमीटर. एचओ प्रमाणात तो ७ येतो, पण लोक एनचा ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात आणि वर एचओचे डबे ठेवतात. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेल्या या रेल्वेचा चढ काही ठिकाणी २० ला १ एवढा आहे आणि वळणं केसातल्या पिनेसारखी. छोट्या जागेत कोंबण्यासाठी याहून सोयीचा विषय सापडायचा नाही.

भारतीय गाड्यांची मॉडेलं मिळतात का?

थोडी मिळतात, आणि आली की संपतात. म्हणून हाताने बनवायची तयारी ठेवा. प्लास्टिकचे पातळ पत्रे, कार्डशीट, जाड फोटोपेपर. अलीकडे थ्रीडी प्रिंट करून देणारेही आहेत.

मापं कुठून आणायची, हा खरा प्रश्न. त्यावर एक उपाय सांगतो. आपल्याकडे मुख्य मार्गांवर किलोमीटरला १,६६० स्लीपर हे ठरलेलं प्रमाण आहे. म्हणजे दोन स्लीपरमधलं अंतर ६० सेंटिमीटर. बरोबर बाजूने काढलेला कुठलाही अलीकडचा फोटो घ्या, डब्याखालचे स्लीपर मोजा. दहा अंतरं म्हणजे सहा मीटर. दाराची रुंदी, खिडक्यांमधलं अंतर, सगळं त्यावरून निघतं. एकदा ही सवय लागली की दादरच्या पुलावर उभं राहून माणूस गाडीची वाट बघत नाही, गाडीच बघतो. पँटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) आसपासचं छत बाकीच्यापेक्षा काळं असतं, हे तेव्हा दिसतं.

खंडाळ्याचा घाट बनवायचा आहे. जमेल?

भोर घाटात चढ ३७ ला १ आहे. म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. हाच चढ मॉडेलमध्ये घ्या. एका रुळाखालून दुसरा रूळ काढायला एचओमध्ये साधारण ८ सेंटिमीटर उंची लागते. ८ गुणिले ३७, म्हणजे २९६ सेंटिमीटर. नुसतं वर चढायला तीन मीटर, आणि खाली उतरायला आणखी तीन! भिंतीच्या कडेने फिरवलात तरच जमेल. नाहीतर गाडी एकाच पातळीवर ठेवा आणि डोंगर वर-खाली करा. रूळ सपाट असूनही पाहणाऱ्याला गाडी चढतेय असं वाटतं. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघा. चढ, बोगदे, सिग्नल एकत्र चालताना दिसतात आणि कागदावरचा आराखडा लगेच सुधारतो.

डोंगर आणि झाडं कशाची करायची?

दिवाळीत किल्ला केलाय ना? मग निम्मं येतं. फक्त मातीऐवजी जाळी आणि वर्तमानपत्राचे बोळे घ्या, आणि त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेली मलमपट्टीची कापडं पसरा. हळीव पेरू नका. गवतासाठी सुताराकडचा बारीक भुसा हिरव्या-पिवळ्या दोन-तीन छटांत रंगवून ठेवा; एकच हिरवा वापरला की सगळं बिलियर्डच्या टेबलासारखं दिसतं. जमिनीसाठी चहाचा चोथा उत्तम: धुवायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरायचा. अर्धवट वाळलेला चोथा वापरलात तर आठवड्यात बुरशी येते. झाडांचा पाला म्हणजे जुन्या स्पंजचे तुकडे मिक्सरमधून काढलेले. त्यासाठी वेगळं भांडं घ्या. चटणीचं भांडं वापरलंत तर छंदाचं भवितव्य माझ्या हातात नाही.

थर्माकोलची सजावट २०१८ च्या बंदीत गेली, आणि तसंही ते कापताना गोळ्या घरभर होतात.

प्लास्टिकचा पहिला संच कोणता घ्यावा?

लहान, एका इंजिनाचं विमान, १:७२ मध्ये. या प्रमाणात सहा फूट म्हणजे एक इंच, त्यामुळे माणसाची उंची लगेच डोळ्यासमोर येते. तामिया, एअरफिक्स, रेव्हेल, हासेगावा ही नावं दिसतील. तामियाचे भाग सहसा न घासता बसतात. एअरफिक्सच्या काही डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ दिसलं तर नक्कल समजू नका, ते खरंच इथे बनतात. रणगाडे हवे असतील तर १:३५, जहाजं १:७००. पहिल्याच वेळी शंभर तोफांचं युद्धनौकेचं खोकं उचलू नका. ती खोकी मग माळ्यावर राहतात.

हत्यारं घरातलीच: भाग सोडवायला सुरुवातीला नेलकटर, घासायला नखांची कानस, चिकटवून दाबून ठेवायला कपड्यांचे चिमटे. पुढे निपर (बारीक कापणारी पक्कड) आणि हॉबी नाइफ घ्या.

फेव्हिक्विक चालेल का?

धातूला, रेझिनला चालेल. प्लास्टिकच्या संचाला खरा चिकटवणारा पदार्थ वेगळा: तो प्लास्टिक थोडं विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. ब्रशने फटीला टेकवला की आपोआप आत ओढला जातो. फेव्हिक्विकची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी धुरकट होऊन बसते. कॉकपिटच्या काचेजवळ तो नेऊच नका. काच बसवायला साधा फेव्हिकॉल. वाळला की दिसत नाही, चुकून बाहेर आला तर ओल्या कापसाने पुसता येतो. फटी भरायला मॉडेलची पुट्टी, मोठ्या खड्ड्यांना एम-सील.

पावसाळ्यात काय करायचं?

जूनपासून या छंदाचे नियम बदलतात.

दमट दिवशी लॅकरचा स्प्रे मारला की रंग पांढुरका पडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंगात अडकतं. म्हणून जुलैत स्प्रेचे डबे कपाटात, आणि ब्रशने ॲक्रिलिक. तेही सावकाश वाळतं, तेव्हा दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या. फेव्हिक्विक उलट बाष्पानेच कडक होतो, त्यामुळे पावसाळ्यात चटकन धरतो आणि बाटलीतही लवकर दगड होतो. नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. एक डबीत फेव्हिक्विकबरोबर, एक डिकल्सच्या पिशवीत.

रेल्वेवाल्यांना त्रास जास्त. प्लाय फुगतो, रूळ वाकतात, गाडी घसरते. मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांनाही प्रायमर द्या. पाणी तिथूनच शिरतं. रूळ लोखंडाचे नकोत, निकेल-सिल्व्हरचे घ्या (नावात चांदी असली तरी तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे). वरळी, वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर राहणाऱ्यांनी तर घ्यावेतच. इंजिन अडखळायला लागलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा. मग समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट सुरू होतं आणि रोजच पुसावे लागतात.

नवीन कोऱ्या डब्याला मळका रंग का देता?

कारण स्वच्छ लोकल कोणी पाहिली आहे? कारशेडमधून नुकती बाहेर पडलेली सोडून द्या. आधी मूळ रंग द्यायचा, मग पातळ तपकिरी-काळं पाणी फिरवून कपड्याने वरून खाली पुसायचं. सांध्यांत मळ राहतो. बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि रुळाखालची खडी गंजलेल्या रंगाची, ब्रेकच्या भुकटीमुळे. आणि दाराच्या बाजूला, खिडक्यांखाली, जुन्या टूथब्रशने विटकरी रंगाचे शिंतोडे. ते काय आहेत हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. बाहेरगावचे पाहुणे मात्र गंज म्हणून कौतुक करतात.

जहाजं लाकडाचीच करावी का? मुंबईचं कोणतं करता येईल?

प्लास्टिकमध्ये १:७०० ची जहाजं सगळ्यात सोयीची. हे प्रमाण रुळलं ते चार जपानी कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र सुरू केलेल्या मालिकेमुळे. जुनी विमानवाहू विक्रांत साधारण ७०० फुटांची होती, म्हणजे मॉडेल बरोबर एक फूट. कफ परेडजवळ नांगरलेली ती बोट शाळेच्या सहलीत पाहिलेल्यांना ती हवीच असते. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली, त्यामुळे आता फोटोंवरच भिस्त.

लाकडात करायचं तर माझं मत ‘त्रिंकोमाली’ला. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजातून येत होते. ते १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या तोफांनी गेलं, नकाशेही गेले, आणि दुसरे येईपर्यंत काम खोळंबलं. एवढं होऊनही ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तोफांच्या डेकची लांबी दीडशे फूट. १:९६ म्हणजे फुटाला पाव इंचाच्या निम्मा. मॉडेलचा डेक होतो अठरा-एकोणीस इंच.

एक गंमत: सागवानी जहाज दाखवायला साग वापरू नका. सागाच्या रेषा मोठ्या असतात, एवढ्या छोट्या फळीवर त्या अंगावर येतात. बारीक पोताचं लाकूड घ्या आणि सागाचा रंग द्या. फळ्या गरम पाण्यात भिजवून सांगाड्यावर वाकवायच्या. दोर म्हणजे सुती दोरा, मेणबत्तीवरून ओढलेला, म्हणजे त्याचे तंतू दिसत नाहीत.

कोळ्यांची बोट करायची असेल तर संच विसरा. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला सकाळी जा, नाळ (बोटीचं पुढचं टोक) कशी वर उचललेली आहे ते बाजूने बघा, रंग टिपून घ्या. फोटो काढण्यापूर्वी विचारा. विचारलं की नाखवा स्वतःच मापं सांगतो, आणि तुमचं चित्र चुकीचं आहे हेही.

जहाजाचं मॉडेल पाण्यात तरंगेल का?

आकारमान घनाने कमी होतं हे लक्षात ठेवा. हजार टनांचं जहाज १:१०० मध्ये केलं तर बरोबर पाण्याच्या रेषेपर्यंत बुडायला त्याचं वजन एक किलो हवं. हलकं झालं तर बुचासारखं डोलतं आणि कलंडतं. तळाशी शिसं किंवा छर्रे ठेवून वजन भरा. चाचणी बाथरूममधल्या टबात, पाणी यायच्या वेळेत.

सामान कुठे मिळतं?

संच आणि गाड्या बहुधा ऑनलाइन. बाकी सगळं चर्चगेट ते भायखळ्यात. वायर, एलईडी, १२ व्होल्टचे ॲडाप्टर, स्विच: लॅमिंग्टन रोड. बारीक ड्रिल, पक्कड, कानशी: नागदेवी स्ट्रीट. कार्डशीट, ब्रश, रंग: क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट. पितळी तार आणि जहाजांचे जुने तुकडे बघायचे असतील तर रे रोडचा दारूखाना. चोर बाजारात जुनी मोडकी इंजिनं कधीमधी दिसतात. किंमत विचारताना चेहरा कोरा ठेवा.

खर्च फार येतो का?

विमानाचा पहिला संच हजार-दोन हजारांत, रंग-गोंद धरून थोडा वर. तो महिनाभर पुरतो. मॉलमध्ये चौघांनी सिनेमा बघण्याशी तुलना करा. रेल्वे महाग. चांगला सुरुवातीचा सेट पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो, शिवाय आयात शुल्क. म्हणून एक इंजिन, चार वाघिणी, दोन सांधे, आणि थांबा.

मुलांना कोणत्या वयात बसवावं?

आठ-नऊ वर्षांपासून, पण ब्लेड मोठ्यांच्या हातात. नातवाला रंगकाम द्या, चिकटवणं आजोबांनी करावं. उलट केलंत तर बोटं विमानाला. खिडकी उघडी, पंखा चालू, हे मात्र सगळ्या वयांना. रंगाचा वास शेजारी गेला तर जोशीकाकू गॅस गळतोय म्हणून बेल वाजवतात.

तयार मॉडेलवरची धूळ कशी काढायची?

फडका अजिबात नको. मेकअपचा मऊ, मोठा ब्रश घ्या आणि शेपटीकडून नाकाकडे न नेता नाकाकडून शेपटीकडे फिरवा, म्हणजे अँटेना अडकत नाहीत. कोपऱ्यांत हेअर ड्रायरची थंड हवा, लांबून. जहाजाच्या दोरांवर ब्रश टेकवूच नका, नुसती हवा. शक्य असेल तर काचेची पेटी करून घ्या. आणि हे काम कामाला येणाऱ्या मावशींवर सोपवू नका. मिग-२१ च्या नाकापुढची ती लांब सुई मोडली तर त्यांची काहीच चूक नाही. शोकेस पुसायला त्यांना तुम्हीच सांगितलेलं असतं.